समुद्र आटला होता, पण किती? भूमध्य समुद्राखालच्या मिठाची पार्श्वभूमी

ऑगस्ट १९७० मध्ये 'ग्लोमार चॅलेंजर' हे खोदकाम करणारे जहाज भूमध्य समुद्रात उतरले. त्याआधीच्या सर्वेक्षणांत तळाच्या गाळाखाली ध्वनिलहरी जोरात परतवणारा एक थर जवळपास सगळीकडे दिसला होता आणि त्याला 'एम' हे नावही पडले होते. पण तो कशाचा आहे, ते माहीत नव्हते. बिल रायन आणि केनेथ श्यू यांच्या नेतृत्वाखालच्या या मोहिमेत ड्रिलच्या नळीतून जिप्सम (पाणी धरून ठेवणारे कॅल्शियम सल्फेट), अॅनहायड्राइट (तेच, पण बिनपाण्याचे) आणि शेवटी चक्क मीठ वर आले. त्याच्या वरच्या गाळातले सूक्ष्मजीवाश्म मारिया बियांका चिता यांनी तपासले, तर ते खोल, मोकळ्या समुद्रातले निघाले. १९७३ मध्ये तिघांनी मांडणी केली: सुमारे साठ लाख वर्षांपूर्वी जिब्राल्टरकडची वाट बंद झाली आणि भूमध्य समुद्र आटला.

ही कल्पना पटण्यामागे दुसराही पुरावा होता. अस्वान धरणाच्या कामाच्या वेळी सोव्हिएत भूवैज्ञानिक चुमाकोव्ह यांना नाईलच्या पात्राखाली ग्रॅनाइटमध्ये कोरलेली खोल घळ सापडली होती. तिचा तळ आजच्या समुद्रसपाटीच्याही खूप खाली, आणि भरण समुद्री गाळाचे. नदी इतकी खोल कापते ती तिचे मुख खाली गेल्यावरच. फ्रान्समधल्या ऱ्होन नदीखालीही तशीच घळ आहे.

खरी अडचण हिशोबाची आहे. एक घनमीटर समुद्रपाण्यात सुमारे ३५ किलो क्षार असतात. म्हणजे १००० मीटर पाणी पूर्ण आटले तरी हाती येतो जेमतेम १६ मीटरचा थर. भूमध्य समुद्राची सरासरी खोली सुमारे १५०० मीटर, म्हणून एकदा आटून मिळतील २४ मीटर. प्रत्यक्षात खोल भागात मिठाची जाडी काही ठिकाणी किलोमीटरच्याही वर आहे. तेव्हा एकदा आटून भागत नाही. अटलांटिकचे पाणी दीर्घकाळ आत येत राहिले आणि बाष्पीभवनाने मीठ मागे ठेवत गेले, असे मानावेच लागते.

क्षार कोणत्या क्रमाने बसतात, ते १८४९ मध्ये उसिग्लिओ यांनी फ्रान्सच्या सेत किनाऱ्यावरचे पाणी आटवून मोजले. आधी थोडे कार्बोनेट. मूळ आकारमानाच्या सुमारे १९ टक्के पाणी उरले की जिप्सम. साडेनऊ टक्क्यांच्या आसपास मीठ. आणि पोटॅशियम-मॅग्नेशियमचे क्षार सगळ्यात शेवटी. मिठागरात हाच क्रम पाळतात: पाणी २५ अंश बोमेच्या (खारेपणा मोजायचे घनतेचे माप) आसपास येईपर्यंत जिप्सम आधीच्या कोंड्यांतच बसू देतात, मग ते मिठाच्या वाफ्यात सोडतात. म्हणून थरात काय आहे त्यावरून पाणी किती खारे होते ते कळते. किती खोल होते, ते मात्र नाही. हाच गोंधळ पुढे बराच काळ चालला.

खोलीसाठी स्फटिकाचा आकार पाहतात. तळावर उभे वाढलेले, चेव्हरॉन (बाणाच्या टोकासारख्या) नक्षीचे मीठ उथळ पाण्याचे. पृष्ठभागावर तयार होऊन खाली बसलेल्या बारीक कणांचे थर खोल पाण्यातही होतात. सिसिलीतल्या रेआलमोंते खाणीत एका पातळीवर मिठात सुकून पडलेल्या बहुकोनी भेगा आहेत. तिथे मीठ नक्की उघडे पडले होते. पण तो एका खोऱ्याचा पुरावा आहे. तो सगळ्या समुद्राला लावणे घाईचे ठरते.

पाणी कुठून आले, हे ब्रोमीन आणि स्ट्रॉन्शियम सांगतात. थेट समुद्रपाण्यातून बसणाऱ्या पहिल्या मिठात ब्रोमीन दशलक्षात साधारण ६५ ते ७५ भाग असते आणि द्रावण घट्ट होत जाईल तसे ते वाढते. ते फार कमी निघाले, तर जुने मीठ गोड्या पाण्यात विरघळून पुन्हा बसले असावे. मिठाच्या वरच्या जिप्सममधले स्ट्रॉन्शियमचे समस्थानिक गुणोत्तर (त्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे प्रमाण) त्या काळच्या महासागरापेक्षा कमी आहे, म्हणजे नद्यांच्या पाण्याचा वाटा मोठा होता.

नमुना हाताळताना चुका सहज होतात. ड्रिल करताना भोकात सोडायचा चिखल साध्या पाण्याचा असला तर मीठ विरघळून जाते, म्हणून संपृक्त खारा चिखल वापरतात. पातळ काप काढतानाही पाणी चालत नाही, तेल लागते. स्फटिकातल्या द्रवाच्या थेंबांवरून तापमान काढायचे तर नमुना आधी गोठणबिंदूखाली ठेवून बुडबुडा येऊ देतात, मग सावकाश तापवतात. घाई केली की थेंब ताणला जातो आणि आकडा चुकतो. खोल गाडले गेलेले जिप्सम पाणी गमावून अॅनहायड्राइट होते. मूळ रचना मोडते आणि घनफळ जवळपास ४० टक्क्यांनी घटते. मीठ तर दाबाखाली वाहतेच, त्यामुळे जाडीवरून काळ मोजता येत नाही.

काळाचा आधार मिळाला तो स्पेनच्या सोर्बास खोऱ्यातून. तिथे जिप्सम आणि मार्ल (चुनखडीयुक्त चिकणमाती) यांची आवर्तने पृथ्वीच्या अक्षाच्या साधारण २१ हजार वर्षांच्या डुलण्याशी जुळवून १९९९ मध्ये कालक्रम मांडला गेला. समुद्र खारा होत जाण्याच्या या संकटाची सुरुवात ५९.७ लाख वर्षांपूर्वी, मुख्य मीठ ५६ लाख वर्षांच्या सुमारास अगदी थोड्या अवधीत, आणि ५३.३ लाख वर्षांपूर्वी शेवट. शेवटाच्या अगदी आधीच्या टप्प्यात कमी खाऱ्या पाण्यातले शंख आणि ऑस्ट्राकॉड (शिंपल्यासारखे कवच असलेले सूक्ष्म जलचर) आढळतात, पण ते उथळ तळ्यांत राहत होते की भरलेल्या समुद्रात, यावर एकमत नाही. शेवटचा लोंढा जिब्राल्टरमधून आला, असे २००९ च्या प्रारूपात मांडले आहे: पातळी जोराच्या काळात दिवसाला १० मीटरपेक्षाही जास्त वाढत, बहुतेक पाणी दोन वर्षांच्या आत भरले. हे गणित मात्र लोंढ्याआधीची पातळी किती खाली होती, यावरच उभे आहे.