गुलमर्गचा बर्फातला एक दिवस : निघण्यापूर्वी घरात सगळ्यांनी वाचावं असं

कळसूबाईचा माथा १,६४६ मीटरवर आहे आणि श्रीनगर शहर सुमारे १,५८५ मीटरवर. म्हणजे दल सरोवरात शिकाऱ्यात बसता तेव्हाच तुम्ही महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच जागेच्या जवळपास पोचलेले असता. गुलमर्ग तिथून आणखी हजारभर मीटर वर, साधारण २,६५० मीटरवर. गोंडोलाचं, म्हणजे तिथल्या केबल कारचं, शेवटचं स्थानक ३,९५० मीटरच्या आसपास. दर हजार मीटरमागे तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरतं, त्यामुळे श्रीनगरात दुपारी पाच अंश असतील तर ढोबळ हिशेबाने त्याच वेळी वर उणे दहा असतात. वारा सुटला तर थंडी त्याहून बोचरी.

हे आकडे सुरुवातीलाच सांगतो, कारण आमच्या सहलीचा सगळा क्रम त्यांवरच बेतलेला आहे.

दिवसाचा क्रम आणि त्यामागचं कारण

उजाडता उजाडता, साडेसातला आपण श्रीनगरहून निघतो. टंगमर्गला गाडी बदलून गुलमर्ग. तिथे वाहनतळापासून गोंडोलाच्या स्थानकापर्यंत स्लेज (बर्फावरची घसरगाडी), मग गोंडोलाने मधलं स्थानक कोंगदूरी, कोंगदूरीच्या पठारावर स्नो-स्कूटर, खाली येऊन जेवण आणि जेवणानंतर गोल्फ मैदानाच्या सौम्य उतारावर स्कीइंगचा पहिला धडा. साडेचारला परतीची गाडी.

बरेच जण विचारतात, अंगात ताकद असताना सकाळीच स्कीइंग का नाही? पहिल्या हंगामात आम्ही तसंच करत होतो. पण स्कीइंग शिकताना बाहेर कितीही थंडी असली तरी माणूस घामाघूम होतो. त्याच ओल्या बनियनवर मंडळी गोंडोलाने वर गेली आणि वाऱ्यात उभी राहिली. नागपूरहून आलेल्या एका काकूंचे ओठ निळे पडले, थरथर थांबेना. त्यांना खाली आणलं, कोरडे कपडे दिले, बुखारीजवळ, म्हणजे तिथल्या लोखंडी शेगडीजवळ बसवलं, तेव्हा तासाभराने त्या नीट बोलू लागल्या. चूक सर्वस्वी आमची होती. तेव्हापासून नियम केला : उभं राहायचे आणि बसायचे खेळ आधी, घामाचा खेळ सगळ्यात शेवटी. ‘आमच्यासाठी उलट करा’ असा आग्रह कृपया धरू नका. दुसरंही कारण आहे. वारा आणि ढग दुपारनंतर वाढू लागले की गोंडोलाचा वरचा टप्पा बंद करतात. सकाळी गेलो तर तो मिळण्याची शक्यता जास्त.

बर्फ केव्हा, किती

काश्मिरी लोक २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना ‘चिल्लई कलां’ म्हणतात, म्हणजे थोरली थंडी. त्यानंतर वीस दिवसांची धाकटी आणि मग दहा दिवसांची बाळथंडी. बर्फ मात्र थंडीने पडत नाही. तो पडतो भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी चक्रावातांमुळे. ते आले नाहीत तर कडाका असूनही जमीन कोरडी राहते. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार महिन्याच्या अखेरपर्यंत जवळजवळ उघडे होते, आणि नंतर एकदम भरले. म्हणून बर्फाची हमी आम्ही कुणालाच देत नाही. तारखा लवचीक असतील तर जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा शेवट हा काळ आम्हाला सगळ्यात आवडतो. मार्चमध्ये बर्फ असतो, पण दुपारी ओला आणि जड होतो. शिकणाऱ्याचे पाय त्यात लवकर दमतात.

टंगमर्ग

श्रीनगर ते गुलमर्ग एकूण अंतर पन्नासएक किलोमीटर. शेवटचे तेरा किलोमीटर, टंगमर्गपासून वर, देवदारांतून जाणारा वळणांचा घाट आहे. बर्फ असेल तेव्हा या घाटात चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्यांनाच सोडतात, म्हणून आपली गाडी टंगमर्गला थांबते आणि स्थानिक चालकाच्या गाडीतून आपण वर जातो. तो चालक तिथलाच असतो, त्या रस्त्यावर कुठे गोठतं ते त्याला पाठ असतं. त्याला ‘जरा जोरात घ्या’ म्हणू नका.

भाड्याचे लांब कोट आणि गमबूट टंगमर्गलाच मिळतात. भाडं आमच्याकडे. बूट घालून दहा पावलं चालून बघा, बोटं आत हलली पाहिजेत. घट्ट वाटलं तर संकोच न करता बदलून मागा.

कपडे

एवढं एक नीट केलंत तर दिवस तुमचा. जीन्स नको, सुती बनियन नको, सुती मोजे तर मुळीच नकोत. सूत पाणी धरून ठेवतं आणि भिजलं की अंगातली ऊब ओढून घेतं. अंगालगत थर्मल, त्यावर लोकरीचा किंवा फ्लीसचा थर, सगळ्यात बाहेर वारा आणि पाणी अडवणारं जाकीट. एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ बरे, कारण मधे हवा अडकते आणि गरम झालं तर एक काढता येतो.

मोज्यांच्या बाबतीत नेहमी एक चूक होते. थंडी वाजेल म्हणून लोक दोन-तीन मोजे चढवतात. बूट घट्ट होतो, रक्त नीट खेळत नाही आणि पाय आणखी गार पडतात. लोकरीचा एकच चांगला मोजा घाला, आणि दुसरा जोड कोरडा, पिशवीत बांधून आणा. तसंच एक कोरडं बनियन. स्कीइंग झालं की आम्ही सगळ्यांना बनियन आणि मोजे बदलायला लावतो.

साडी नेसणाऱ्या काकू-आजींना विनंती, एवढा एक दिवस थर्मलवर सलवार किंवा पॅन्ट घाला. ओला काठ पायाशी गोठतो आणि स्नो-स्कूटरवर पदर, ओढणी किंवा मफलरचं टोक अडकण्याचा धोका असतो.

गॉगल हौसेसाठी नाही. ताजा बर्फ सूर्याचे अतिनील किरण ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणजे ऊन वरूनही लागतं आणि खालूनही. दिवसभर उघड्या डोळ्यांनी फिरलेल्याला रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकाच्या खालच्या बाजूलाही लावा.

स्लेज आणि ती ओढणारी माणसं

स्लेज म्हणजे लाकडी फळ्यांची साधी घसरगाडी. चढावर एक माणूस दोरीने ओढतो, उतारावर तोच पुढे बसतो आणि पायांनी वळवतो. आजी-आजोबांना ताज्या बर्फातून स्थानकापर्यंत चालणं अवघड जातं, त्यांच्यासाठी ती खरीखुरी सोय आहे. मुलांना त्यातला उतारच हवा असतो.

वाहनतळावर उतरताच चहूबाजूंनी हाका येतात आणि पर्यटक गांगरतो. आपल्यासोबतची स्लेजवाली माणसं आमची ठरलेली आहेत. भाव हंगामाच्या सुरुवातीलाच पक्का केलेला असतो आणि पैसे आम्ही त्याच दिवशी हातात देतो, त्यामुळे तुम्ही घासाघीस करू नये. पन्नास-साठ किलोचं माणूस बर्फातून चढावर ओढणं हे किती कष्टाचं काम आहे, हे पाहिलं की आपोआप कळतं. यातल्या बहुतेकांची वर्षाची कमाई या थोड्या महिन्यांवर असते. बक्षिशी द्यावीशी वाटली तर जरूर द्या, सक्ती नाही. त्यांना नावाने हाक मारा, वयाने मोठे असतील तर ‘चाचा’ म्हणा.

गोंडोला

पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला. तो गुलमर्गहून कोंगदूरीला, सुमारे ३,०८० मीटरवर नेतो. दुसरा २००५ मध्ये सुरू झाला आणि अफरवट शिखराच्या खांद्यापर्यंत जातो. एका डब्यात सहा जण. खालची देवदारांची रांग संपते, मग नुसतं पांढरं.

पहिल्या टप्प्याचं तिकीट सहलीत धरलेलं आहे. दुसऱ्याचं नाही, आणि ते मुद्दामच. ३,९५० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. ज्यांना हृदयविकार, दमा किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब आहे, ज्या गर्भवती आहेत आणि जे आदल्याच दिवशी विमानाने थेट समुद्रकिनाऱ्यावरून आलेत, त्यांनी कोंगदूरीलाच थांबावं असं आमचं मत आहे. तिथलं दृश्य कमी नाही. वर जाणाऱ्यांबरोबर आमचा एक वाटाड्या असतो आणि अर्ध्या तासात सगळ्यांना खाली आणतो. डोकं दुखू लागलं, मळमळलं, तर लगेच सांगा. अशा वेळी खाली येणं हाच पहिला उपाय.

तिकिटं ऑनलाइन, नावानिशी काढावी लागतात, म्हणून ओळखपत्राची प्रत आम्हाला आधी लागते आणि मूळ ओळखपत्र त्या दिवशी जवळ लागतं. वाऱ्यामुळे टप्पा बंद राहिला तर केबल कार महामंडळाकडून जो परतावा येईल तो पूर्ण तुमचा.

वर दोऱ्या किंवा झेंडे लावलेल्या हद्दीपलीकडे फोटोसाठीही पाऊल टाकू नका. तो उतार पाहायला शांत असतो, पण हिमस्खलन तिथेच होतं. चंदीगडच्या संरक्षण संशोधन संस्थेकडून हिमस्खलनाचे इशारे येतात. गुलमर्गच्या भागाला धोक्याचा इशारा असेल त्या दिवशी आम्ही कोंगदूरीच्या वर कुणालाही नेत नाही. खाली गावातही छपरांच्या कडेखाली उभं राहू नका, ऊन पडलं की साचलेला बर्फ एकदम घसरतो.

स्कीइंगचा पहिला धडा

गुलमर्ग म्हणजे फुलांचं कुरण. जुनं नाव गौरीमर्ग होतं असं सांगतात. उन्हाळ्यात जिथे गोल्फ खेळतात तेच मैदान हिवाळ्यात नवशिक्यांची शाळा होतं. ‘खेलो इंडिया’च्या हिवाळी स्पर्धांतलं स्कीइंग २०२० पासून याच गावात होत आलं आहे, तेव्हा शेजारच्या उतारावरून सुसाट जाणारी काश्मिरी पोरं दिसतील. त्यांच्याकडे बघून घाई करू नका.

सह्याद्रीतल्या गडांवर घसाऱ्यावरून उतरताना आपण अंग मागे टाकतो, वेळ पडली तर बसतो. स्कीइंगमध्ये नेमकं उलट करायचं असतं. अंग मागे गेलं की स्की पुढे पळतात आणि ताबा सुटतो. गुडघे किंचित वाकवायचे, नडगी बुटाच्या पुढच्या भागाला टेकलेली जाणवली पाहिजे, नजर दूर. ट्रेकिंगची सवय असलेल्यांनाच हे जड जातं, कारण वर्षानुवर्षांची सवय मोडायची असते. लहान मुलं अर्ध्या तासात शिकतात.

थांबायचं कसं ते आधी शिकवतो, सरकायचं कसं ते नंतर. स्कींची पुढची टोकं जवळ आणायची, मागची लांब करायची. आतल्या कडा बर्फात रुततात आणि वेग मरतो. दीड तासात बहुतेकांना एवढं जमतं. तेवढं जमलं की पंचवीस-तीस मीटरचा उतार आपला आपण उतरून येता येतं, आणि तो क्षण बघायला आम्हालाही दर वेळी तितकंच आवडतं.

पडणार आहातच. कुशीवर पडा. मागे हात टेकून पडलात तर मनगट दुखावतं. पहिल्या दिवशी काठ्यांचे पट्टे मनगटात अडकवू नका, पडताना काठी सोडून द्या, नाहीतर अंगठा मुरगळतो. उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या करा, मग उठा. नाहीतर उठताउठताच पुन्हा घसराल.

सात वर्षांखालच्या मुलांना आम्ही स्की देत नाही. त्यांच्यासाठी त्या वेळात स्लेज.

आणखी थोडं

जेवण राजमा-भात, भाजी, पोळी असं साधं आणि गरम असतं. खिशात शेंगदाण्याची चिक्की किंवा गूळपोळीचा तुकडा ठेवा, थंडीत भूक अचानक लागते. तहान मात्र लागत नाही आणि शरीर कोरडं पडतं, म्हणून मुद्दाम पाणी प्या. संध्याकाळी केशर-वेलचीचा कहवा आमच्यातर्फे. दारू पिऊन कुणी बर्फात येऊ नये. तिने ऊब आल्यासारखं वाटतं आणि शरीर उलट लवकर गार पडतं.

मधुमेह असलेल्यांनी इन्सुलिन बाहेरच्या पिशवीत ठेवू नये, ते गोठलं की निकामी होतं. आतल्या खिशात, अंगालगत ठेवा. मोबाइलही तिथेच, कारण थंडीत बॅटरी भराभर उतरते. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. घरातल्या निदान एकाकडे पोस्टपेड असू द्या आणि तो क्रमांक आम्हाला द्या. चिक्कीचे कागद, पाण्याच्या बाटल्या आपल्याच पिशवीतून परत आणायच्या.

बुकिंग करताना प्रत्येकाच्या पायाची लांबी सेंटीमीटरमध्ये कळवा, कारण स्कीचे बूट त्याच मापाने मिळतात. टाच भिंतीला टेकवून उभं राहायचं आणि सर्वांत लांब बोटाच्या टोकापर्यंत मोजायचं. दोन्ही पाय मोजा, मोठं माप द्या. आणि संध्याकाळी मोजा, दिवसभराने पाय थोडे फुगलेले असतात.