सीमाभागातलं संशोधन: कागद कुठे गेले आणि का

बेळगाव, खानापूर, निपाणीकडचा विद्यार्थी एम.ए. करून संशोधनाकडे वळतो तेव्हा विषयांना तोटा नसतो. घोडं अडतं ते साधनांपाशी. एकाच गावाची कागदपत्रं पुणे, मुंबई आणि धारवाड अशी विभागून पडलेली असतात. ही विभागणी कशी झाली हे कळलं, तर निम्मी हेलपाटेगिरी वाचते.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि हा मुलूख कंपनी सरकारकडे गेला. बेळगाव आधी धारवाड जिल्ह्यातच होतं. वेगळा जिल्हा झाला तो १८३६ मध्ये. त्यामुळे त्याआधीची इंग्रजी कागदपत्रं बेळगावच्या नावाखाली शोधून उपयोग नाही, धारवाडखाली पाहावी लागतात. पुढे १८४३ मध्ये इनामांची चौकशी सुरू झाली तीही याच दक्षिण मराठा मुलखात. १८५२ च्या अकराव्या कायद्याने तिला बळ मिळालं आणि वतनदारांची जुनी दप्तरं सरकारने ताब्यात घेतली. बेळगावकडच्या कुळकर्णी-देशपांड्यांचे कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात का सापडतात, याचं उत्तर बरंचसं इथे आहे.

नावांचा घोळ वेगळाच. १८८४ च्या बेळगाव गॅझेटिअरमध्ये खानापूर नावाचा तालुका नाही, बिडी आहे. बैलहोंगलचा भाग संपगावात आणि सौंदत्तीचा परसगडात येतो. चंदगड आज कोल्हापूर जिल्ह्यात असलं तरी १९५६ पर्यंत ते बेळगावात होतं. म्हणून पुराभिलेखागारात मागणीचिठ्ठी भरताना गावाच्या नावापुढे त्या काळचा तालुका लिहावा. आजचा तालुका लिहिला, तर रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) असूनही ‘आढळत नाही’ असा शेरा येऊ शकतो.

रुमाल हाती आला की पुढचं काम मोडीचं. शिरोरेषा आधी ओढून अक्षरं तिला लटकवलेली, शब्द सलग, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. तरी वाचन सरावाने जमतं. चुका होतात त्या तारखांत. पेशवेकालीन पत्रांत शुहूर सन, म्हणजे त्या काळची एक कालगणना, अरबी शब्दांत येतो. ‘सलास सितैन मया व अलफ’ म्हणजे तीन, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६३. हे वर्ष जूनच्या सुरुवातीला, मृगाला पालटतं. पत्र जून ते डिसेंबरातलं असेल तर ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मेमधलं असेल तर ६००. म्हणजे हा सन १७६२-६३ चा. सरसकट ६०० मिळवले की पावसाळ्यातली पत्रं वर्षभर पुढे सरकतात आणि मोहिमांचा क्रमच उलटतो. फसली या महसुली सनासाठी याच रीतीने ५९० आणि ५९१ धरावे.

मोडीवरच थांबलं तर मात्र या भागाचा अर्धाच इतिहास दिसतो. बेळगावच्या किल्ल्यातले १२०४ चे दोन शिलालेख लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, आणि ते जुन्या कन्नडात आहेत. १९३९ मध्ये मुंबई सरकारच्या काळात पुण्याचं डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून नव्याने उभं राहिलं, त्याच साली धारवाडला कन्नड संशोधन संस्थाही निघाली. दोन्हीकडे बिचकल्याशिवाय वावरू शकेल असा विद्यार्थी सीमाभागातच तयार होऊ शकतो. तो फार थोड्या वेळा होतो, हे खरं दुखणं आहे.

भाषेच्या अभ्यासाचंही तेच. सांगलीजवळच्या कुपवाडमधल्या मराठी, कन्नड, उर्दूवर गंपर्झ आणि विल्सन यांनी १९७१ मध्ये लिहिलेला निबंध भाषाविज्ञानात जगभर शिकवला जातो. शब्द वेगळे राहिले, पण वाक्यांचा साचा एक झाला, हा त्याचा गाभा. असं काम निपाणीच्या तंबाखू वखारीतही करता येईल. फक्त ध्वनिमुद्रण सुरू झालं की माणूस छापील मराठीत बोलू लागतो. तेव्हा सुरुवातीची दहा मिनिटं सोडून द्यावीत आणि प्रश्न भाषेबद्दल न विचारता कामाबद्दल विचारावेत.

विद्यापीठांची वाटणीही याच सीमेने केली. मुंबई विद्यापीठाच्या छत्राखालून निघून १९४९ मध्ये कर्नाटक विद्यापीठ झालं, १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ, २०१० मध्ये बेळगावला राणी चन्नम्मा विद्यापीठ. कोल्हापुरात पीएच.डी. करणाऱ्या बेळगावकराला सारथीसारख्या (मराठा-कुणबी समाजासाठीची महाराष्ट्र सरकारची संस्था) संस्थांची अधिछात्रवृत्ती मिळत नाही, कारण तिथे महाराष्ट्राचा रहिवास लागतो. त्याने नेट-जेआरएफ (नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी संशोधनवृत्ती, जानेवारी २०२३ पासून सुरुवातीला दरमहा ३७,००० रुपये) किंवा भारतीय इतिहास संशोधन परिषदेसारख्या केंद्रीय वाटा आधी पाहाव्यात. ओबीसी उमेदवाराला नेटच्या अर्जासाठी केंद्रीय यादीप्रमाणे प्रमाणपत्र लागतं, राज्याच्या यादीचं चालत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांनी एम.फिल. बंद झालं. एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगीकडे सहा, सहायककडे चार संशोधक, अशी मर्यादा आहे. दोनच सहायक प्राध्यापक असलेल्या विभागात एकूण आठ जागा होतात, म्हणून जाहिरात यायच्या आधीच मार्गदर्शकाकडे जागा आहे का विचारावं. जेआरएफ नसेल, तर २०२४ पासून नेटच्या गुणांवरही प्रवेश घेता येतो. त्यात परीक्षेला ७० टक्के, मुलाखतीला ३० टक्के वजन आहे आणि ते गुण एकच वर्ष चालतात. पदवीच्या चौथ्या वर्षी बारा श्रेयांकांचा प्रबंध करण्याची सोय चंदगडच्या विद्यार्थ्याला आहे. शेजारच्या बेळगाव तालुक्यातल्या विद्यार्थ्याला ती नाही, कारण कर्नाटकाने २०२४-२५ पासून पदवी पुन्हा तीन वर्षांची केली.