जॉन्सन आणि जॉन्स्टन

मराठी मजकुरात ही दोन इंग्रजी आडनावे सर्रास एकमेकांच्या जागी पडतात. वास्तविक जॉन्सन म्हणजे जॉनचा मुलगा आणि जॉन्स्टन म्हणजे जॉनच्या वस्तीचा रहिवासी. पहिले बापाकडून आलेले, दुसरे आपल्या 'कर'वाल्या आडनावांप्रमाणे गावाकडून.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जॉन नावाचा सुकाळ असल्याने जॉन्सन हे आडनाव अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे रूढ झाले, आणि म्हणून दोन जॉन्सनांमध्ये नाते असेलच असे नाही. लिचफिल्ड येथे 1709 साली जन्मलेले कोशकार सॅम्युअल जॉन्सन आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष राहिलेले लिंडन जॉन्सन यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. अमेरिकेत तर स्वीडनहून आलेल्या कित्येक योहान्सनांनीही हेच रूप स्वीकारले. तेथे स्मिथनंतर सर्वाधिक आढळणारे आडनाव हेच आहे. ब्रिटनचे माजी पंतप्रधान बोरिस यांचे पणजोबा तुर्की पत्रकार अली केमाल होते. आजोबांनी स्वतःच्या आजीचे माहेरचे आडनाव घेतल्यामुळे हे घराणे जॉन्सन झाले.

जॉन्स्टनचे मूळ मात्र बरेच नेमके सांगता येते. दक्षिण स्कॉटलंडमधील ॲनन्डेल खोऱ्यातील एका जॉनच्या जमिनीवरून हे नाव पडले आणि तेथील घराणे, बहुधा शेवटी 'ई' जोडून, सीमेवरच्या लुटालुटीत गाजले. 1593 मध्ये ड्राइफ सँड्सच्या लढाईत त्यांनी मॅक्सवेल या हाडवैऱ्यांचा धुव्वा उडवला.

खरा गोंधळ होतो तो अमेरिकी यादवी युद्धात. एप्रिल 1862 मध्ये टेनेसीतील शायलोच्या रणात दक्षिणेचा सेनापती अल्बर्ट सिडनी जॉन्स्टन मारला गेला, तेव्हा त्याच राज्याचा लिंकनने नेमलेला लष्करी गव्हर्नर होता अँड्र्यू जॉन्सन. एप्रिल 1865 मध्ये दक्षिणेच्या जोसेफ जॉन्स्टनने शरणागती पत्करली, तीही हा जॉन्सन राष्ट्राध्यक्ष होऊन दोन आठवडे झाले नाहीत तोच. या प्रकरणात 'ट' गळला, तर माणूस थेट शत्रूच्या गोटात जातो.

नाटककार बेन जॉन्सन या दोहोंच्या सीमेवर उभा आहे. आपले आजोबा कार्लाइलहून आले आणि त्याआधी बहुधा ॲनन्डेलहून, असे त्याने कवी ड्रमंडला सांगितले होते. म्हणजे हा जॉन्सन मुळात जॉन्स्टन असू शकतो. स्वतः तो आडनाव 'एच' वगळून लिही, पण वेस्टमिन्स्टर ॲबीतील त्याच्या थडग्यावर ते 'एच'सकट कोरलेले आहे.