काळ्या कागदावरचे दहिवर

डिसेंबर उजाडला की बालवाड्यांच्या भिंतींवर कापूस चिकटवलेले हिममानव दिसू लागतात. जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यातील मुलाने हिममानव कधी पाहिलेला नसतो. कापूस मात्र त्याच्या घरात वेचणीच्या दिवसांत भाव वाढण्याची वाट पाहत छतापर्यंत रचलेला असतो. हिवाळ्याचे चित्र काढायचे तर ते आपल्याकडच्या हिवाळ्याचे असावे, असे मला वाटते, कारण खान्देशातही गोठण्याची क्रिया घडते. नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्यात, समुद्रसपाटीपासून १,१०० मीटरहून अधिक उंचीवर असलेल्या तोरणमाळला आणि अक्कलकुवा तालुक्यातील डाबच्या परिसरात कडाक्याच्या थंडीत पहाटे गवतावर, झोपड्यांच्या छपरांवर आणि वाहनांच्या टपांवर पांढरा थर धरल्याच्या बातम्या दर काही वर्षांनी येतात. हा थर, म्हणजे गोठलेले दहिवर, लहान मुलांना कागदावर उतरवता येतो. त्यासाठी लागणारे मुख्य द्रव्य केळीच्या बागायतदारांना चांगलेच परिचित आहे.

ते द्रव्य म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. पानांच्या हिरव्या रंगद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या केंद्रस्थानी मॅग्नेशियमचा एक अणू असतो, त्यामुळे त्याची कमतरता झाली की आधी जुनी पाने पिवळी पडतात. म्हणूनच रावेर-यावल पट्ट्यातील कृषी सेवा केंद्रांत याच्या गोण्या मिळतात. हाच पदार्थ औषधांच्या दुकानात ‘एप्सम मीठ’ या नावाने लहान पाकिटांत मिळतो. इंग्लंडमधील एप्सम गावच्या झऱ्याचे कडवट पाणी आटवून सतराव्या शतकात तो काढला जाऊ लागला. मुलांच्या चित्रासाठी औषधांच्या दुकानातील पाकीटच आणावे. खताच्या गोणीत इतर क्षार मिसळलेले असू शकतात. औषधी मीठसुद्धा पोटात गेले तर जुलाब होतात, त्यामुळे बोटे चाटण्याच्या वयातील मुलांना ते देऊ नये. त्यांच्यासाठी वेगळी सोय पुढे सांगितली आहे.

कृती थोडक्यात अशी आहे. एक वाटी एप्सम मीठ एक वाटी गरम पाण्यात विरघळेपर्यंत मोठ्या माणसाने ढवळावे, पाणी कोमट झाल्यावर त्यात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचा एक थेंब घालावा आणि ते मुलांच्या हाती द्यावे. काळ्या किंवा गडद निळ्या कार्डशीटवर मुलाने कुंचल्याने हवे ते रंगवावे: गवताची पाती, केळीचे पान, कुडाची झोपडी, बैलगाडीचे चाक. रंगवताना कागदावर फक्त ओल दिसते, म्हणून मुले थोडी हिरमुसतात. पांढऱ्या मेणखडूने आधी बाह्यरेषा काढून दिली तर त्यांना आकार सापडतो आणि मेणावर पाणी ठरत नसल्यामुळे द्रावण रेषेच्या आतच राहते. त्यानंतर कागद पंख्यापासून दूर, सपाट जागी रात्रभर ठेवावा.

सकाळी त्या ओल्या जागी सुयांसारख्या बारीक स्फटिकांची नक्षी उमटलेली असते. कागदाजवळ डोळे नेले, किंवा भिंग लावले, तर एका बिंदूतून पंख्याच्या पात्यांप्रमाणे फाकलेल्या सुया, त्यांना फुटलेले बारीक काटे आणि दोन सुयांच्या झुंडी एकमेकींना भिडून थांबल्या ती तुटक सीमा, हे सर्व स्पष्ट दिसते. हे मुलाने काढलेले नाही. मुलाने केवळ द्रावण कोठे असावे एवढे ठरवले.

मीठ पाण्यात विरघळते तेव्हा त्याचे मॅग्नेशियमचे आणि सल्फेटचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, सुटे होऊन पाण्याच्या रेणूंमध्ये विखुरतात. ठरावीक तापमानाचे पाणी ठरावीक मर्यादेपर्यंतच मीठ सामावून घेते. २० अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात एप्सम मीठ १०० ग्रॅमपेक्षा थोडे अधिक विरघळते, आणि पाणी थंड होत गेले की ही मर्यादा ठळकपणे खाली येते. स्वयंपाकातील मिठाचे तसे नाही. ते १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम विरघळते आणि पाणी उकळते असले तरी त्यात फार फरक पडत नाही. त्यामुळे एप्सम मिठाच्या चित्रावर रात्री दोन क्रिया एकाच वेळी चालू असतात: पाणी उडून जात असल्याने द्रावण दाट होत जाते, आणि पारा उतरत असल्याने उरलेल्या पाण्याची मीठ धरून ठेवण्याची क्षमताही घटते. खान्देशात हिवाळ्यात दुपारी २८-३० अंश आणि पहाटे १० अंशांच्या आसपास तापमान असणे नवलाचे नाही. त्यात तापीच्या खोऱ्यातील हवा या दिवसांत कोरडी असते. पावसाळ्यात हेच चित्र काढले तर हवेत बाष्प आधीच भरपूर असल्याने कागद लवकर वाळत नाही आणि मुलांचा उत्साह ओसरतो.

मर्यादा ओलांडली गेली तरी स्फटिक लगेच धरत नाही. त्याला सुरुवात करण्यासाठी काहीतरी आधार लागतो, जसे कागदाचा तंतू, धुळीचा कण किंवा कुंचल्याचा ओरखडा. तेथे काही आयन एका विशिष्ट रचनेत बसले की पुढचे आयन त्याच रचनेत येऊन बसतात. पाणी झपाट्याने उडाले तर अशा सुरुवाती एकाच वेळी हजारो ठिकाणी होतात आणि कोणालाच वाढायला अवधी मिळत नाही. बारीक, पिठूळ थर तयार होतो. सावकाश वाळू दिले तर सुरुवाती थोड्या होतात आणि सुया लांब वाढतात. एकाच द्रावणाने दोन कागद रंगवून एक उन्हात आणि दुसरा घरातील सावलीत ठेवला की पाच-सहा वर्षांच्या मुलालाही हा फरक स्वतः पाहता येतो. कोणता कागद कोठे ठेवला होता हे मात्र मागे आधीच लिहून ठेवावे, कारण या वयात आठवणीपेक्षा मत अधिक पक्के असते.

रंगवलेल्या भागाच्या काठावर स्फटिकांची दाटी का होते, हा प्रश्न मुले हटकून विचारतात. पसरलेल्या द्रावणाचा थर काठावर सर्वांत पातळ असतो आणि तेथून पाणी सर्वांत वेगाने उडते. ती तूट भरून काढण्यासाठी मधले द्रावण काठाकडे सरकत राहते आणि सोबत मीठही नेते. फरशीवर सांडलेल्या चहाचा डाग मध्ये फिका आणि कडेला गडद असतो, त्यामागेही काठाकडे वाहणारा असाच प्रवाह असतो. ही गोष्ट रोजच्या पाहण्यातील असली तरी तिचे नीट स्पष्टीकरण शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी १९९७ मध्ये दिले. साबणाच्या थेंबाचे काम याच्याशी जोडलेले आहे. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, द्रावण थेंबाथेंबांत गोळा न होता पातळ पसरते आणि स्फटिकांना पसरत जायला सलग जागा मिळते. कागदाऐवजी खिडकीच्या काचेवर रंगवायचे असेल तर साबणाशिवाय भागत नाही.

हे स्फटिक पांढरे दिसतात, पण ते पांढरे नसतात. प्रत्येक सुई काचेप्रमाणे रंगहीन असते. खडीसाखरेचा पारदर्शक खडा कुटला की त्याची पांढरी पूड होते, कारण असंख्य लहान पृष्ठभागांवरून सर्व रंगांचा प्रकाश सारखाच विखुरला जातो. सुयांच्या दाटीतही तेच होते. तोरणमाळचे गवत पहाटे पांढरे दिसते त्याचे कारणही हेच आहे.

साम्य मात्र येथे संपते, आणि मुलांना ते स्पष्ट सांगावे. दहिवर गोठते तेव्हा कोठलेही मीठ लागत नाही. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आणि गवत आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने आकाशाकडे सोडत राहतात, कोरड्या हवेत ती अडवणारे बाष्प आणि ढग कमी असतात, आणि गवताचे पाते आसपासच्या हवेपेक्षाही थंड होते. त्यामुळे माणसाच्या उंचीवरील तापमापक शून्याच्या वर तीन-चार अंश दाखवत असतानाही गवतावर बर्फ धरू शकतो. कधी आधी पडलेले दव गोठते, तर कधी हवेतील बाष्प द्रवरूप न घेता थेट बर्फाच्या स्फटिकात उतरते. डोंगराखाली सपाटीवर, केळीच्या बागेत, याच रात्री शेतकऱ्याला जागवतात. तो पहाटे शेकोट्या पेटवून धूर करतो आणि विहिरीचे तुलनेने उबदार पाणी बागेला देतो, जेणेकरून पिकाला थंडीचा चरका बसू नये.

आकारही वेगळा असतो. बर्फात पाण्याचे रेणू षट्कोनी मांडणीत बसतात, म्हणून हिमकणाला सहा कोन येतात. हे कोन सहाच का, हा प्रश्न खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर यांनी १६११ मध्ये लेखी मांडला होता. एप्सम मिठाच्या स्फटिकाची रचना निराळी आहे आणि त्यात सहाची सममिती सापडत नाही. त्याच्या लांबट सुया होतात. फांद्या फुटण्याचे तत्त्व मात्र दोन्हीकडे समान आहे. जे टोक किंचित पुढे आले त्याला ताजे द्रावण, किंवा ताजे बाष्प, आधी मिळते, म्हणून ते आणखी पुढे जाते आणि मागे पडलेला भाग उपाशी राहतो. त्यामुळे काचेवर नेच्याच्या पानासारखी नक्षी दोन्हींची होऊ शकते.

आता अगदी लहानांची सोय. जाड कागदावर जलरंगाचा ओला हात मारावा आणि ओलीची चकाकी मावळू लागताच त्यावर जाडे मीठ भुरभुरावे. प्रत्येक खडा आजूबाजूचे पाणी ओढून घेतो, त्याबरोबर रंगाचे कण सरकतात आणि वाळल्यावर मीठ झटकले की फिकट, चांदणीसारखे ठिपके उरतात. निळ्या रंगावर ते थंडीतील आकाशासारखे दिसतात. रंग फार ओला असताना मीठ टाकले तर ते नुसतेच विरघळते, फार वाळल्यावर टाकले तर काहीच होत नाही. ही वेळ साधण्यात मुलांना भलतीच गंमत वाटते. स्वयंपाकाचे मीठ असल्याने भीतीही कमी, तरी मूठभर तोंडात जाणार नाही एवढे लक्ष हवेच.

एप्सम मिठाचे चित्र भिंतीवर लावले तर ते होळीपर्यंत तसेच राहत नाही. त्याच्या प्रत्येक स्फटिकात मॅग्नेशियम सल्फेटमागे पाण्याचे सात रेणू बांधलेले असतात, आणि वजनाच्या हिशेबाने निम्म्याहून थोडा अधिक भाग हा पाण्याचाच असतो. हवा कोरडी आणि गरम होऊ लागली की यातील काही पाणी निसटते, स्फटिकाची घडी विस्कटते, सुयांची चमक जाऊन त्या खडूसारख्या पांढुरक्या दिसतात आणि हात लागताच झडतात. भुसावळ-जळगावकडच्या उन्हाळ्यात तर हे फार लवकर होते. झडलेली पूड टाकून देण्याची गरज नाही. ती गरम पाण्यात पुन्हा विरघळते. कागदाचे तंतू अडकावेत म्हणून फडक्यातून गाळून घेतली की नव्या चित्राला चालते, फक्त ते चित्र सकाळच्या गारव्यात आणि सावलीत वाळवावे.