विद्यार्थी रोबोटिक्स संघांतील खुला सोर्स कोड

एकमेकांविरुद्ध खेळणाऱ्या संघांनी आपल्या रोबोटचा सोर्स कोड, म्हणजे त्याला चालवणाऱ्या प्रोग्रामचा मूळ मजकूर, सर्वांना वाचायला आणि वापरायला मोकळा ठेवण्याची प्रथा. अमेरिकेत सुरू झालेल्या फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन (एफआरसी) या शालेय स्पर्धेत ती चांगलीच रुजली आहे. डीन केमन यांनी १९८९ मध्ये फर्स्ट ही संस्था स्थापन केली. पहिली स्पर्धा १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यात झाली. जिद्दीने खेळावे, पण प्रतिस्पर्ध्याचा मान राखावा, ही एमआयटीचे प्राध्यापक वूडी फ्लॉवर्स यांची शिकवण.

या शिकवणीला स्पर्धेच्या रचनेचीही भक्कम जोड आहे. सामना तीन विरुद्ध तीन रोबोटांचा असतो आणि पात्रता फेरीत जोडीदार दर सामन्याला बदलतात. सकाळी ज्याच्याशी लढलो तो दुपारी आपल्या बाजूने उतरला, तर त्याचा रोबोट बंद पडणे आपल्यालाच महागात पडते. शिवाय, जानेवारीत त्या वर्षीचा खेळ जाहीर होण्यापूर्वी लिहिलेला कोड वापरायचा, तर तो आधीच सर्वांसाठी खुला केलेला असावा, असा नियम आहे.

बहुतेक संघांचा पाया डब्ल्यूपीआयलिब ही मुक्त लायब्ररी (तयार कोडचा संच) आहे. तिचा उगम वूस्टर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमधला. तिच्यावर संघ आपापली भर घालतात. सॅन होजेच्या २५४ क्रमांकाच्या ‘चीझी पूफ्स’ संघाचा कोड इतर संघ अभ्यासासाठी वाचतात. मॅसॅच्युसेट्समधील ६३२८ क्रमांकाच्या संघाची अ‍ॅडव्हांटेजकिट ही निर्मिती तर फारच मोलाची. सामन्यात सेन्सरांकडून कोडला मिळालेली माहिती ती नोंदवून ठेवते. पुढे तीच नोंद लॅपटॉपवर कोडला पुन्हा पुरवली, की मैदानात काय बिनसले ते सापडते. दुरुस्त केलेला कोडही रोबोटला हात न लावता त्याच नोंदीवर तपासता येतो.

आयत्या कोडमुळे मुले शिकत नाहीत, हा आक्षेप फारसा टिकत नाही. चाकाचा व्यास, गिअरचे गुणोत्तर, पीआयडी नियंत्रणाचे (हव्या आणि प्रत्यक्ष स्थितीतला फरक पाहून मोटरचा जोर ठरवणाऱ्या पद्धतीचे) गुणांक हे प्रत्येक रोबोटचे वेगळे. दुसऱ्याचे गुणांक जसेच्या तसे उचलले, तर रोबोटचा हात ठरलेल्या कोनात थांबण्याऐवजी थरथरत राहू शकतो. ते जुळवताना कोड समजून घ्यावाच लागतो.

काही संघ हंगाम संपल्यावर कोड खुला करतात, तर ‘ओपन अलायन्स’मधील संघ हंगामभर काम उघड ठेवतात. नवख्या संघाला दुसरी पद्धत अधिक उपयोगी, कारण तिच्यात सोडून दिलेले प्रयोगही दिसतात. मात्र परवाना न जोडलेला कोड वाचता आला, तरी कायद्याने तो पुन्हा वापरण्याची मुभा मिळतेच असे नाही. त्यामुळे अनेक संघ एमआयटी किंवा बीएसडी हा पुनर्वापराची मोकळीक देणारा परवाना जोडतात.