वास्को द गामा : आख्यायिका आणि इतिहास

वास्को द गामा (सु. १४६९–२४ डिसेंबर १५२४) हा पोर्तुगालमधील सिनेश गावचा दर्यावर्दी. आफ्रिकेला वळसा घालून युरोपातून थेट भारतात जहाजे आणणारा पहिला कप्तान ही त्याची ओळख खरी आहे. तिच्याभोवती जमलेल्या अनेक गोष्टी मात्र पुराव्याला टिकत नाहीत.

‘त्याने भारताचा शोध लावला’ हे वाक्य अजूनही सर्रास ऐकू येते. इजिप्तहून निघालेली जहाजे मोसमी वाऱ्यांवर कोकण-मलबारला येत होती, त्याला गामा पोहोचला त्या १४९८ साली दीड हजार वर्षे होऊन गेली होती. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्याण बंदराचे नाव आहे. केप ऑफ गुड होपलाही बार्तोलोमेउ दियाशने १४८८ मध्येच वळसा घातला होता. गामाच्या ताफ्याचे खरे कर्तृत्व अटलांटिकमध्ये दिसते. ८ जुलै १४९७ रोजी चार जहाजे घेऊन तो लिस्बनहून निघाला, आफ्रिकेचा किनारा सोडून भर समुद्रात शिरला आणि केप व्हर्द बेटांनंतर तीन महिने जमीन न दिसता दक्षिण आफ्रिकेला पोहोचला. कोलंबसाला कॅनरी बेटांपासून पलीकडची जमीन दिसायला ३६ दिवस लागले होते.

सर्वांत चिवट दंतकथा वाटाड्याची. पूर्व आफ्रिकेतील मालिंदीहून गामाला कालिकतला आणणारा नाविक म्हणजे प्रसिद्ध अरब नौकाशास्त्रज्ञ इब्न माजिद, असे असंख्य पुस्तकांत छापले गेले. याचा आधार आहे मक्केचा इतिहासकार नहरवाली, आणि त्याने लिहिले घटनेनंतर सुमारे पाऊणशे वर्षांनी. विसाव्या शतकात फ्रेंच अभ्यासक गाब्रिएल फेराँ यांनी ही कथा उचलून धरली. पोर्तुगीज बखरकार मात्र हा नाविक गुजराती असल्याचे सांगतात आणि त्याला ‘मालेमो काना’, ‘मालेमो कानाका’ म्हणतात. हे व्यक्तिनाम नसून हुद्दा असावा, कारण ‘मालेमो’ हे अरबी ‘मुअल्लिम’चे रूप, आणि ‘मुअल्लिम’ म्हणजे जहाजाचा मार्गदर्शक. कच्छमध्ये याच नाविकाला कानजी मालम म्हणून अभिमानाने सांगतात. पण त्यालाही समकालीन दुजोरा नाही. त्या माणसाचे नाव इतिहासाने जपले नाही, ही खरी हानी आहे, कारण सफरीचे यश त्याच्या ज्ञानावर उभे होते. त्याच्या सोबतीने अरबी समुद्र २३ दिवसांत पार झाला. परतीला वारे फिरण्याची वाट न पाहता गामा ऑक्टोबरच्या सुरुवातीला कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून निघाला. तेच अंतर काटायला तीन महिने लागले आणि स्कर्व्हीने (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाने) सुमारे तीस खलाशी दगावले. माणसे इतकी कमी उरली की पुढे ‘साँव राफाएल’ हे जहाज जाळून टाकावे लागले.

कालिकतजवळ काप्पाड या किनारी गावी गामाच्या आगमनाचा स्मारकस्तंभ आहे, पण गामा स्वतः तिथे उतरला असे सफरीच्या रोजनिशीवरून दिसत नाही. जहाजे २० मे १४९८ रोजी किनाऱ्याजवळ आली. आधी एका शिक्षा झालेल्या कैद्याला पुढे पाठवले गेले. त्याला शहरात भेटले ते ट्युनिसचे दोन मुस्लिम व्यापारी, आणि तेही स्पॅनिश बोलणारे! गामा आठवड्याभराने पंतलायिनी येथे उतरला. हिंदू देवळाला चर्च समजून तिथे प्रार्थना करण्यात आली. कालिकतच्या सामुतिरी (झामोरिन) राजासाठी त्याने कापडाचे तागे, टोप्या, पोवळ्यांच्या माळा, हात धुण्याची सहा भांडी, साखर, तेल आणि मध असा नजराणा काढला, तेव्हा दरबारचे अधिकारी हसले.

त्याच्या क्रौर्याच्या कथा शत्रूंनी रचल्या, असे म्हणणारेही आहेत. १५०२ मध्ये मक्केहून परतणारे ‘मिरी’ हे यात्रेकरूंचे जहाज त्याने बायकामुलांसह जाळले, हे त्याच ताफ्यातील तोमे लोपेशने लिहून ठेवले आहे. ही साक्ष पोर्तुगीजांचीच आहे.

गोव्यात वास्को शहर त्याच्या नावाने ओळखले जाते, त्यामुळे गोवाही त्यानेच जिंकला असा समज होतो. गोवा घेतला तो आफोन्सो द आल्बुकेर्कने, १५१० मध्ये. गामा व्हाइसरॉय म्हणून १५२४ च्या सप्टेंबरात आला आणि त्याच डिसेंबरात कोचीला वारला. जुन्या गोव्याच्या व्हाइसरॉय कमानीवरचा त्याचा पुतळा सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्याचा पणतू फ्रान्सिश्कु द गामा याने व्हाइसरॉय असताना बसवला.