परंतुक कुठे गेलं?

माहिती अधिकार कायद्याचं कलम ७(१) उघडलंत, तर आधी कलम ५(२) आणि ६(३) यांची परंतुकं, म्हणजे 'परंतु' म्हणत जोडलेल्या अटी आणि अपवाद, बघून या, असं ते सांगतं. माहिती किती दिवसांत मिळेल, हे कळायच्या आतच तुम्ही मागच्या पानांवर. तिथून परत आलात की '३० दिवस' हा आकडा भेटतो. हुश्श म्हणावं, तर त्याच्याच शेपटीला आणखी एक परंतुक: प्रश्न कुणाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा असेल, तर ४८ तास.

२००५च्या या कायद्यात कलमं अवघी ३१. मुदती मात्र पाचव्यापासून एकोणिसाव्यापर्यंत विखुरलेल्या. कचेरीच्या व्हरांड्यात अर्ज घेऊन उभ्या असलेल्या माणसाला त्या एका कागदावर हव्या असतात. म्हणून मी अख्खा कायदा एका चॅटबॉटला दिला आणि म्हटलं, मुदतींचा तक्ता करून दे.

अर्ध्या मिनिटात तक्ता हजर, आणि दिसायला देखणा. साधा अर्ज ३० दिवस, त्रयस्थ पक्षाचा संबंध असेल तर ४०, पहिलं अपील करायला ३०, दुसऱ्याला ९०. सगळं बरोबर. मग नजर '५ दिवस' या ओळीवर अडकली.

कायद्यात हा पाचाचा आकडा दोन ठिकाणी वेगवेगळ्या कामांना आलाय. अर्ज सहायक जन माहिती अधिकाऱ्याकडे, म्हणजे तो घेऊन पुढे पाठवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, दिला असेल, तर ३० दिवसांत ५ वाढतात. अर्ज चुकून भलत्याच खात्याकडे गेला असेल, तर तो योग्य खात्याकडे पाठवायला त्या खात्याला जास्तीत जास्त ५ दिवस मिळतात. एकीकडे सवलत, दुसरीकडे बंधन. तक्त्यात दोन्हींची एकच ओळ झाली होती: 'अतिरिक्त ५ दिवस'.

हे का होतं? चॅटबॉटच्या मुळाशी असलेलं भाषेचं मॉडेल मजकुराचे छोटे तुकडे करतं, त्यांना टोकन म्हणतात. कुठल्या तुकड्याचा कुठल्या तुकड्याशी किती संबंध, याचं वजन ते आकड्यांत काढतं. २०१७ साली गूगलच्या संशोधकांनी मांडलेल्या ट्रान्सफॉर्मर रचनेचा हा गाभा. त्यामुळेच कलम ७ मधला उल्लेख कलम ५ शी जोडणं त्याला जमतं, आणि ते खरोखर थक्क करणारं आहे. पण उत्तर लिहिताना ते पुढचा संभाव्य तुकडा निवडत जातं. दोन वाक्यांत 'अर्ज', 'अधिकारी' आणि 'पाच दिवस' हे सारखंच असलं, की ती एकमेकांत मिसळण्याचा धोका वाढतो. मजकूर लांबलचक असेल, तर मधल्या पानांवरचं निसटण्याची शक्यताही जास्त. त्यात तक्त्याच्या चौकटीला आकडा आवडतो, 'मात्र' आणि 'परंतु' तिथे मावत नाहीत. कायदा तर त्यांच्यातच असतो!

दुसऱ्यांदा मागताना मी तीन रकाने वाढवले: कलम व पोटकलम, मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची, आणि मूळ वाक्य जसंच्या तसं. शिवाय बजावलं, मजकुरात नसेल तिथे 'नाही' लिही, अंदाज नको. आता पाचाच्या दोन ओळी झाल्या. मूळ वाक्य शेजारीच असल्यामुळे पडताळायला दहा मिनिटं पुरली. ती दहा मिनिटं वाचवायला जाऊ नये. मूळ वाक्य म्हणून मॉडेलच्या मनचं वाक्यही येऊ शकतं.

'कोणत्या दिवसापासून' हा रकाना तर एरवी कुणी करतच नाही. दुसऱ्या अपिलाचे ९० दिवस पहिल्या अपिलाचा निर्णय हातात पडल्यापासून मोजतात. निर्णय आलाच नाही, तर तो ज्या दिवशी यायला हवा होता तिथपासून. आणि तो यायला हवा ३० दिवसांत, कारणं लेखी नोंदवली तर फार तर ४५. गप्प बसलेल्या कार्यालयाची वाट बघत बसलेल्या माणसाचे दिवस इथेच निघून जातात.

सगळ्यात मोठा फरक शेवटच्या ओळीत पडला. माहिती आयोगाने दुसरं अपील किती दिवसांत निकाली काढायचं? पहिल्या तक्त्यात तिथे ऐटीत '३० ते ४५ दिवस' लिहिलं होतं. ती मुदत पहिल्या अपिलाची, कलम १९(६) मधली. खालची चौकट रिकामी दिसू नये म्हणून वरचाच आकडा खाली ओघळलेला. दुसऱ्या तक्त्यात त्या जागी होतं: 'नाही. कायद्यात मुदत दिलेली नाही.'